पालखी कितव्या घरात

हिरो सकाळी साडेनऊला रत्नागिरीत येणार होता. साडेदहाला त्याच्या मॅनेजरबाईंचा फोन आला, की आत्ताच चिपळूणला पोचलोय आणि सरांना मिसळ खायची इच्छा झाली आहे. मी हॉटेलच्या दारात हातात हार घेऊन उभी होते. सरांना कुठलीही इच्छा होण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण ती चिपळूणलाच का व्हावी, हे मला कळेना. "सावकाश या," असं गोड आवाजात म्हटलं, हार ओल्या फडक्यात गुंडाळला आणि घरी फोन लावला.

"पालखी कितव्या घरात?" मी विचारलं.

"अजून दुसऱ्या घरात हाय," नवरा म्हणाला. "तू कर तुझं काम."

आमचं घर चौदावं.

हे जरा समजावून सांगायला हवं. भाट्याच्या पुलापलीकडे अर्ध्या तासावर आमची वाडी आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाडीतल्या प्रत्येक घरी जाते. अंगणात आधी ती खांद्यावर घेऊन नाचवतात, मग चौरंगावर ठेवतात. बायका देवीची ओटी भरतात, मानकरी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्या घराचं सुखदुःख देवीच्या कानावर घालतात, आणि मग पालखी पुढच्या घरी जाते. एका घरी किती वेळ लागेल ते त्या घरावर काय काय गुदरलंय त्यावर ठरतं. त्यामुळे पालखी किती वाजता येणार, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. कितव्या घरात आहे, एवढंच विचारतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. घर बंद ठेवून मात्र चालत नाही.

रत्नागिरीत माझं जाहिरातीचं छोटं ऑफिस आहे. रिक्षावर भोंगा लावून फिरवण्यापासून दुकानाच्या उद्घाटनाला पाहुणा आणून देण्यापर्यंत सगळं मी करते. मुंबईहून कुणी नट-नटी सिनेमाच्या प्रसिद्धीला आली, की त्यांना दिवसभर मिरवून आणायचं कामही माझ्याकडेच येतं. गाडीत पुढे बसायचं, वेळा सांभाळायच्या, आणि मुख्य म्हणजे गर्दी आवरायची. गर्दी आवरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दोन्ही हात आडवे पसरून, लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून, एक पाऊल मागे न घेता मी शंभर माणूस थोपवते.

या सिनेमाची तारीख ठरली तेव्हाच मी मॅनेजरबाईंना सांगितलं होतं, की अहो, हा शिमग्याचा आठवडा आहे.

"म्हणून तर!" त्या फोनवर म्हणाल्या. "सगळे मुंबईकर गावी आलेले असतात ना? क्राउड आयता मिळेल."

"ते गावी येतात, शहरात नाही येत. ते वाडीत येतात आणि पालखी घरी येऊन गेल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाहीत."

"नोटेड," त्या म्हणाल्या. नोटेड म्हणजे मुंबईच्या भाषेत ऐकलं आणि सोडून दिलं.

वर्षभराची कामं हीच माणसं देतात, म्हणून मी हो म्हटलं. सगळा कार्यक्रम साडेनऊ ते एक असा बसवला होता. एकला मोकळी झाले की दोनपर्यंत घरी, पालखी चारच्या आत काही चौदाव्या घरी येत नाही, असा माझा हिशेब होता. एरवी एखाद्या वर्षी चुकली असती पालखी तर जावेनं ओटी भरली असती. पण या वर्षी मला घरी असायचंच होतं.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या महिनाभर आधी, पहिले आंबे काढताना नवरा झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं, आत सळी बसवली. त्याआधी वाडीत पालखी नाचवावी तर त्याने, असं लोक म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या शिमग्यात त्याला पालखीखाली पाहिलं आणि हा एवढा अबोल माणूस आत असा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पडल्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला तो अंथरुणात होता. गेल्या वर्षी खुर्चीत. पालखी अंगणात नाचत होती आणि तो खुर्चीत बसून पायाने ठेका धरायला बघत होता, तो पायही त्याचं ऐकत नव्हता. मी आत जाऊन रडले.

या वर्षी डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ हरकत नाही. मानकरी म्हणजे माझे थोरले चुलत दीर. तेही म्हणाले, आपल्याच अंगणात दोन फेऱ्या घे, मी तुझ्या मागेच राहतो. पंधरा दिवस रोज पहाटे नवरा परसात जुनी शिडी खांद्यावर घेऊन पावलं टाकत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते हे त्याला माहीत होतं, पण त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. आदल्या दिवशी जेवताना फक्त एवढं म्हणाला, "तू असशील ना गो घरी?"

"असणार म्हणजे काय," मी म्हटलं.

हिरो एक वाजता उतरला. काळा गॉगल, पांढरे स्वच्छ बूट, आणि प्रवासाने इतका थकलेला, की आधी तासभर झोपला. मी लॉबीत बसून होते. तासाभराने मॅनेजरबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "सर फ्रेश होतायत." दोन फोन घेऊन त्या माणसांशी बोलत, त्यामुळे आपल्याशी बोलतायत की फोनशी, ते कळायला वेळ लागे. मी आपली हो हो करत होते. तोवर पालखी सहाव्या घरात जेवायला थांबली होती. मी देवीचे आभार मानले.

सव्वादोनला कॉलेजात पोचलो. सभागृहात तीनशे खुर्च्या आणि नऊ माणसं. त्यातला एक वॉचमन, दोघे कार्यालयातले, आणि बाकीचे बॅडमिंटन खेळायला आलेले. मुलं शिमग्याला आपापल्या गावी गेलेली, देवरूखची देवरूखला आणि गुहागरची गुहागरला. मॅनेजरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तीनशे पोरं मी पर्समध्ये लपवली आहेत.

"क्राउड कुठाय?"

"पालखीमागे," मी म्हटलं.

हिरोने रिकाम्या खुर्च्यांना हात केला. "रत्नागिरीकर, कसे आहात? तुमच्याकडचे मासे म्हणजे माझा जीव की प्राण!" वॉचमनने टाळ्या वाजवल्या. हा जीव की प्राण गाडीत डब्यातून उकडलेली कोंबडी आणि काकडी खात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे साड्यांच्या दुकानात फीत कापतानाही मासेच, आणि केबलवाल्याच्या मुलाखतीतही मासेच. दुकानात मालक, त्यांची बायको आणि दोन विक्रेत्या होत्या, एवढाच काय तो जनसागर. मालकाच्या घरची पालखी आदल्या दिवशी होऊन गेली होती, म्हणून दुकान उघडं तरी होतं.

दुकानातून बाहेर पडताना मी घरी फोन लावला.

"दहाव्यात," नवरा म्हणाला. मागे ढोल ऐकू येत होता. "येतेस ना?"

"निघालेच समजा."

मी निघाले नव्हते. मॅनेजरबाईंना समुद्रावर रील काढायची होती. भाट्याच्या किनाऱ्यावर हिरो सुरूच्या बनातून चालत येणार, शहाळं तोंडाला लावणार आणि समुद्राकडे बघून हसणार, एवढंच. ते अकरा वेळा झालं. एकदा कुत्रा मध्ये आला, एकदा वारा चुकीच्या बाजूचा होता, एकदा हसू जास्त झालं. शहाळ्यातलं पाणी तो प्यायलाच नाही, नुसतं तोंडाला लावलं. मी वाळूत उभी राहून दात खात होते. इथून पूल ओलांडलेला, घर समोर वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि मी एका माणसाचं हसू बरोबर होण्याची वाट बघत होते.

चार वाजता फोन वाजला. "बाराव्यातून निघाली," नवरा म्हणाला. "मी आता आंघोळ करून घेतो. मग फोन नाय उचलायचा." पालखीला खांदा द्यायचा तर आंघोळ करून, सोवळ्याने. त्यानंतर खरंच कुणी उचलला नाही.

तेवढ्यात जावेने पाठवलेला व्हिडिओ आला. तेराव्या घराच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती, ढोल, सनई, गुलाल. मी तो बघतेय तोवर मॅनेजरबाईंनी माझ्या खांद्यावरून मान घातली.

"ओ माय गॉड. हा क्राउड कुठचा?"

गुहागरचा, असं म्हणायला हवं होतं. तोंडातून निघून गेलं, "आमच्या वाडीतला."

"किती लांब?"

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी त्यांची होती. नको म्हटलं तर पुढे पत्रकारांची भेट होती, म्हणजे सहापर्यंत सुटका नाही. हो म्हटलं तर वीस मिनिटांत घरी. हे मी कुणावर ढकलत नाही. ज्याला दिवसभर शिव्या घालत होते त्याला माझ्या अंगणात मीच घेऊन गेले, आणि तेही स्वतःच्या सोयीसाठी.

गाडीत मी अटी घातल्या. बूट बाहेर काढायचे. गॉगल नाही. पालखी खाली ठेवेपर्यंत बेड्याच्या आत यायचं नाही. बेडं म्हणजे आमच्या आवाराचं बांबूचं फाटक, जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत, बसवलेलं. मॅनेजरबाई प्रत्येक अटीला "डन, डन" म्हणत होत्या. तेव्हाच मला "नोटेड" आठवायला हवं होतं.

गाडी पाणंदीच्या तोंडाशी थांबली. ढोल ऐकू आला आणि तो आमच्याच अंगणातला होता. मी चपला तिथेच टाकून धावले. बेड्यातून आत बघितलं तर पालखी अंगणाच्या मध्यावर, आणि नवरा पांढरा सदरा घालून, खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवून दांडीखाली वाकत होता. मागे दीर. मी वेळेवर पोचले होते. देवीला हात जोडायला मी हात वर नेले, आणि माझ्या मागे एक पोरगी किंचाळली.

हिरो उतरला होता. अटींप्रमाणे बूट काढले होते, गॉगल नव्हता, आणि त्यामुळेच तो लांबूनही चटकन ओळखू आला. खांदेकरी, ढोलवाले आणि म्हातारीकोतारी सोडून अंगणातली सगळी माणसं एका क्षणात वळली. मुंबईहून आलेली पोरं, त्यांच्या मामेबहिणी, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, सगळी मला ओलांडून बाहेर पाणंदीत सुटली; मॅनेजरबाईंनी हिरोला त्या लोंढ्यातून ओढून बेड्याच्या आत ढकललं, आणि लोंढा उलटा फिरून आत घुसायला लागला. बेडं दोन माणसांच्या रुंदीचं. शेजारची म्हातारी गडग्याशी चेपली गेली आणि ओरडली, "अरे मेल्यांनो, माझा पाय!"

मी विचार केला नाही, आणि तेच वाईट. मी पाणंदीकडे वळले, बेड्यात पाय रोवले, दोन्ही हात आडवे पसरले. "मागे! मागे व्हा! एकेकाने! ए, मोबाईल खाली कर! आजींना जागा द्या!" आवाज आपोआप लागला. डोळ्यांत डोळे, एक पाऊल मागे नाही. पोरं माझ्या डोक्यावरून हात काढून फोटो घेत होती, हिरो माझ्या पाठीमागे, आतून गडग्याला टेकून, पालखीकडे तोंड करून उभा होता, आणि अंगणातला ढोल माझ्या कानांवर आदळत होता. तो चढला, आणखी चढला, मला कळत होतं की आता गिरकी आहे. मान वळवली असती तर पोरं अंगावर आली असती. एक क्षण, फक्त हा एक धक्का थोपवते आणि वळते, असं म्हणत मी तीन धक्के थोपवले.

ढोल थांबला तेव्हा वळले. पालखी चौरंगावर ठेवत होते. नवरा तुळशीपाशी उभा होता, टॉवेलने मान पुसत. तोंड लालबुंद, सदरा अंगाला चिकटलेला. माझ्याकडेच बघत होता.

मी ओटी भरली. निम्मे तांदूळ खाली सांडले. दिरांनी गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या घरचा लेकरू दोन वर्सां बसून व्हता, त्याला तू आज हुबा केलास. असाच पुढं पन संभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आनि हा जो कोन पावना मुंबैवरना आलाय, त्याचा पिच्चर चालू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावर जोर जास्त होता. हिरोनेही हात जोडले. मॅनेजरबाई अंगणाच्या कडेला आनंदाने वेड्या झाल्या होत्या, दिवसभराचा सगळा क्राउड त्यांना एकाच जागी मिळाला होता.

पत्रकारांसाठी परत जायचं होतं. निघताना नवरा जवळ आला. "बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि मानेचा घाम पुसत पालखीमागे पुढच्या घरी गेला.

गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. कुणाशी एक शब्द जरी बोलले असते तर तो चांगला नसता. मागच्या सीटवर हिरो पायमोज्यांना लागलेली लाल माती झटकत होता. मॅनेजरबाई दोन्ही फोनवर होत्या. पूल आला तेव्हा हिरो म्हणाला, "मॅडम, ते पुढचे, पांढऱ्या सदऱ्यातले, ते तुमचे मिस्टर ना?"

"हो."

"तुम्हाला दिसलं नसेल. तुम्ही गर्दी आवरत होतात."

मला वाटलं, आता हा मासे जीव की प्राण म्हणणार. पण तो म्हणाला, "सांगू?" आणि मी काही म्हणायच्या आत सांगायला लागला. दिवसभरात पहिल्यांदाच तो कुठल्या कॅमेऱ्याकडे न बघता बोलत होता. उजवा पाय आधी टाकला. पहिल्या फेरीला सगळं वजन डाव्यावर नेत होते, मागचे म्हातारे काका हात धरूनच होते. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी काकांचा हात झटकला. दुसऱ्या फेरीत डोळे मिटले होते. पाय लंगडत होता, पण ठेक्यातच लंगडत होता. गिरकी पूर्ण घेतली, पालखी जवळजवळ जमिनीला टेकवून वर उचलली. "आम्हाला हे शिकवून नाही येत मॅडम," तो म्हणाला. "आणि मग डोळे उघडून त्यांनी आमच्याकडे बघितलं. गेटकडे."

"तुमच्याकडे?"

"नाही. तुमच्याकडे."

म्हणजे "बघितलंस?" असं विचारलं तेव्हा नवऱ्याला माहीत होतं. त्याने माझी पाठ पाहिली होती.

पत्रकारांना हिरोने मासे सांगितले. मी कोपऱ्यात बसून वाडीतल्या पोरांनी एव्हाना टाकलेले सगळे व्हिडिओ बघितले. एकूण एक. प्रत्येकात हिरो आहे, मी आहे हात पसरून तोंड वासलेली, आणि माझ्या डोक्यामागे कधी पालखीच्या दांडीचं टोक, कधी पांढऱ्या सदऱ्याची बाही. नवऱ्याचा नाच कुणीच घेतलेला नाही. ज्यांनी पालखी पाहिली त्यांच्या खांद्यावर दांडी होती, हातात ढोल होता, नाहीतर डोळ्यांत मोतीबिंदू. आणि मोकळ्या डोळ्यांनी पालखीकडे तोंड करून उभा असलेला माणूस एकच, ज्याला बघायला बाकी सगळ्यांनी अंगण सोडलं होतं.

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. नवरा ओटीवर पाय लांब करून बसला होता, मांडीवर शेकाची पिशवी. मी पदराला हात पुसत शेजारी बसले आणि त्याने काही विचारायच्या आत सांगायला लागले. उजवा पाय आधी टाकलात. पहिल्या फेरीला भार डाव्यावर होता. मग भावजींचा हात झटकलात. डोळे मिटले होते तुमचे. पालखी खाली नेलीत, जवळजवळ टेकवलीत. तो ऐकत होता. एकदा फक्त शेकाची पिशवी सरकवली.

"आणि मग?" त्याने विचारलं.

"मग तुम्ही बेड्याकडे बघितलंत. आणि मी पाठ करून उभी होते. मला त्या हिरोने सांगितलं हे सगळं. मी काहीही बघितलं नाही."

नवऱ्याने समोरच्या अंगणाकडे बघितलं, तिथे अजून गुलाल होता.

"व्हय," तो म्हणाला. "गर्दी मात्र चांगली आवरलीस गो."